माळ्यावरची माणसं

“वगळलेल्यांची यादी एकदा कागदावर काढ आणि वाचून बघ,” असं वाळिंबेकाका म्हणाले, तेव्हा अनुजा बर्गेला सहावा महिना चालू होता आणि ऑफिसच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी उघडलेल्या डब्यातल्या थालीपिठाचा वास तिला इथपर्यंत येत होता. “हो काका, काढते,” असं ती म्हणाली. काढली मात्र नाही. वाळिंबेकाका सगळंच कागदावर काढायला सांगत. उभा जन्म ड्रॉइंग बोर्डावर वाकून नकाशे काढण्यात गेलेला माणूस. निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोन दिवस सल्ला द्यायला येत आणि खिशात अजून टोक केलेली पेन्सिल असे. त्यांचं ऐकायचं, मान हलवायची, पुढे जायचं, अशी ऑफिसची रीतच होती. अनुजाने मान हलवली, चाळणी सुरू केली आणि थालीपीठ कुणाचं आहे ते शोधायला उठली.

‘सुघड’ हे त्यांचं साताऱ्यातलं छोटं ऑफिस. काम इमारती तपासण्याचं, पण इमारतीत पाऊल न ठेवता. गेल्या दहा वर्षांत बांधलेल्या प्रत्येक इमारतीची एक प्रतिवास्तू संगणकात असे. हुबेहूब तीच इमारत, फक्त विटांऐवजी माहितीची. तिच्यातला प्रत्येक खांब, नळ, खिडकी हा एक घटक, आणि प्रत्येक घटकाला नाव, माप, ठिकाण. खऱ्या इमारतीतल्या दारांवर नि नळांवर नखाएवढ्या संवेदक चकत्या चिकटवलेल्या असत. लोक त्यांना टिकल्या म्हणत. दार हललं की टिकली ते प्रतिवास्तूला कळवी. आणि रोज सकाळी ‘तपासनीस’ नावाचा प्रोग्राम शहरातल्या साडेतीनशे प्रतिवास्तू नियमांवर घासून बघे.

त्यातला सगळ्यांचा लाडका नियम होता दारजाग. संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत घराचं दार एकदाही हललं नाही, की शेजारच्या घरात घंटा वाजायची. शेजाऱ्यांनी दाद दिली नाही, तर मदतकक्षाला फोन जायचा. एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांची मुलं पुण्याहून, दुबईहून हा नियम आपल्या इमारतीला आहे ना, हे विचारून घेत.

नियम सोपा, पण कोणती दारं बघायची हे तपासनिसाला सांगावं लागे. एका इमारतीत दारं शेकड्यांनी. न्हाणीघरांची, लिफ्टची, वीजपेट्यांची, आणि नकाशे काढणाऱ्यांनी सगळ्यांना नुसतं ‘दार’ एवढंच नाव दिलेलं. म्हणून चाळणी लागे. चाळणी म्हणजे ओळींचा एक तक्ता. काही ओळी ‘घ्या’च्या, काही ‘वगळा’च्या. घ्या, प्रकार दार. वगळा, लिफ्टमधली. वगळा, न्हाणीघरातली. दारजागची चाळणी अनुजाने केली होती. पहिल्याच आठवड्यात सातशे खोट्या घंटा वाजल्या, कारण टिकल्या लावणाऱ्या माणसांनी घरोघरच्या सामान ठेवायच्या माळ्यांच्या दारांनाही टिकल्या लावल्या होत्या. वर्षातून एकदा मखर काढायला उघडणारं दार रोज सकाळी दहा वाजता आजारी पडे. पितळी पातेली सुखरूप आहेत का, हे विचारायला मदतकक्षातून फोन जाऊ लागले. तेव्हा अनुजाने एक ओळ घातली. वगळा, ठिकाणाच्या नावात ‘माळा’ असलेली.

सातशेच्या चार घंटा झाल्या. ऑफिसात पेढे वाटले गेले.

त्याला सोळा महिने झाले. मधल्या काळात रेवा झाली, तेरा महिन्यांची झाली, आणि अनुजाची झोप अशी पातळ झाली की बाजूच्या खोलीत घड्याळाचा काटा सरकला तरी ती उठून बसे. सासूबाई गावी परतल्या होत्या. उद्यापासून रेवाला पाळणाघरात ठेवायचं होतं. पाळणाघर निवडायला अनुजाने जितके दिवस घेतले तितके नवरा निवडायला घेतले नव्हते, असं खुद्द तो नवरा, तुषार, म्हणायचा. शेवटी तिने ‘परळ-जावळी सहनिवास’मधलं लता कासुर्डे यांचं घर ठरवलं, आणि ठरवलं ते एकाच कारणाने. सोळा महिन्यांत त्या इमारतीतून एकही घंटा आली नव्हती. शहरातली सर्वांत निर्धास्त इमारत म्हणून ‘सुघड’ने तिला मानपत्र दिलं होतं. त्यावर सही अनुजाचीच होती.

तरी त्या दुपारी ऑफिसात, रेवाला मांडीवर घेऊन, तिने त्या इमारतीची प्रतिवास्तू उघडलीच.

“काय बघतेस?” वाळिंबेकाकांनी विचारलं.

“कठड्याच्या गजांमधली फट. दहा सेंटिमीटरच्या आत हवी.”

“आहे?”

“साडेनऊ. पण मुलांची डोकी लहान असतात.”

“तुझ्या पोरीचं डोकं साडेनऊपेक्षा मोठं आहे. तुझ्यावर गेलंय.”

अनुजा हसली नाही. तिने खिडक्यांची उंची पाहिली, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाला कुलूप आहे ना ते पाहिलं. सगळं बिनचूक. आता शेवटचं, म्हणून तिने दारजाग ज्या दारांवर लक्ष ठेवते तेवढी दारं हिरवी करायला सांगितलं.

इमारत पडद्यावर राखाडीच राहिली.

तिने पुन्हा कळ दाबली. रेवानेही हौसेने दोनदा दाबली. चार मजले, बत्तीस घरं, हिरवं एकही दार नाही. अनुजाने तिसऱ्या मजल्यावरच्या एका दारावर बोट ठेवलं आणि त्याची माहिती उघडली. प्रकार, दार. साहित्य, सागवान. ठिकाण, तिसरा माळा.

“काका,” ती म्हणाली, “जरा इकडे या.”

वाळिंबेकाकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि वाचलं. जावळी खोऱ्यातले लोक पिढ्यान्पिढ्या परळच्या चाळींत राहिले, म्हातारपणी परत आले, आणि इथे इमारत बांधताना नकाशा काढणाराही आपला ओळखीचा म्हणून लालबागचाच आणला. त्याने लिहिलं होतं, तळमाळा, पहिला माळा, दुसरा माळा.

“मुंबईचा ड्राफ्ट्समन,” काका म्हणाले. “आपल्याकडे माळ्यावर पातेली असतात. त्यांच्याकडे माळ्यावर माणसं राहतात. पातेल्यांना ते पोटमाळा म्हणतात.”

अनुजाच्या लक्षात आलं. घंटा येत नव्हती ती सगळं ठीक होतं म्हणून नव्हे. तिथे बघतच कुणी नव्हतं.

“मी त्यांना मानपत्र दिलं,” ती म्हणाली.

“ते नंतर. असं कुठे कुठे झालंय ते काढ.”

नऊ इमारती निघाल्या, मुंबईहून परतलेल्यांच्या. तीनशे शहाऐंशी घरं. एक गोष्ट मात्र बरी होती. टिकल्यांनी आपलं काम सोडलं नव्हतं. दार हललं की त्या इमानाने कळवत होत्या, फक्त वाचणारं कुणी नव्हतं. अनुजाने तिथल्या तिथे नवी चाळणी केली. घ्या, प्रकार दार. घ्या, नावात ‘माळा’. घ्या, चोवीस तासांत न हललेली. रेवा तिच्या बोटांवर चापट्या मारत होती.

घराची मुख्य दारं म्हणाल तर अकरा आली.

दोघांनी फोन वाटून घेतले. पहिले गृहस्थ कोल्हापूरला भाचीच्या लग्नात होते आणि पंगतीतूनच बोलले. एका बाईंनी पाय मुरगळल्यामुळे दोन दिवस घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, सून डबा खिडकीतून देते म्हणाल्या, आणि पंधरा मिनिटं सुनेबद्दल चांगलं बोलल्या. “मी जिवंत आहे की नाही हे विचारायला फोन केलात?” असं एका आजोबांनी वाळिंबेकाकांना विचारलं आणि मग गप्पांच्या ओघात दोघेही एकाच शाळेतले निघाले. एकेक नाव खोडलं जात होतं आणि प्रत्येक नावाबरोबर अनुजाला थोडा थोडा श्वास परत मिळत होता. दहा नावं खोडली गेली.

अकरावं राहिलं. परळ-जावळी, तिसरा माळा, ३०४. विमल मानकुमरे, वय चौऱ्याहत्तर, एकट्या. दार एकोणीस दिवस हललं नव्हतं. फोन वाजत राहिला.

शेजारचं ३०३ म्हणजेच पाळणाघर. लताताईंचा फोनही उचलला जाईना. दुपारी पोरं निजतात तेव्हा मी फोन तांदळाच्या डब्यात ठेवते, असं त्यांनी फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं, आणि तेव्हा अनुजाला ते फार आवडलं होतं.

“मी मदतकक्षाला कळवतो,” काका म्हणाले. “तू हो पुढे. पोरीला ठेव माझ्याजवळ.”

“नको,” म्हणत अनुजाने रेवाला छातीशी बांधलं आणि ती रिक्षात बसली. रस्ताभर तिच्या डोक्यात एकोणीस दिवसांचा हिशोब चालू होता. त्यातल्या कुठल्या दिवशी घंटा वाजायला हवी होती. दुसऱ्या. दुसऱ्या दिवशी दहा वाजता, शेजारी, टिंग. त्या वेळी ती काय करत होती? बहुतेक रेवाच्या भातात तूप कालवत होती.

लिफ्टची वाट न बघता ती जिना चढली. ३०४च्या दारावर सुकलेलं तोरण होतं. तिने घंटा दाबली, आवाज आला नाही. पुन्हा दाबली. मग दाराला कान लावला. आत काहीतरी कुरकुरत होतं. थांबत होतं आणि पुन्हा कुरकुरत होतं. आणि मधूनच कुणाचा तरी बारीक, लांबलेला सुस्कारा.

तिने तळहाताने दार बडवलं. ३०३चं दार उघडलं आणि जाडसर, कमरेला पदर खोचलेली एक बाई तोंडावर बोट ठेवून बाहेर आली.

“अहो, बडवताय काय? आत्ता निजलीत सगळी.”

“लताताई? मी अनुजा बर्गे. उद्यापासून येणार आहे ना रेवा. या ३०४ मधल्या विमलबाई...”

“त्यांचं काय?”

“कुठे आहेत?”

“आत आहेत.”

“त्यांचं दार एकोणीस दिवस उघडलेलं नाही.”

“उघडंल कसं?” लताताई म्हणाल्या. “कपाट लावलंय त्याला आतनं. खेळण्यांचं. या इकडनं.”

३०३च्या बैठकीच्या खोलीत, जिथे प्रतिवास्तूत सरळ अखंड भिंत होती, तिथे पडदा होता. लताताईंनी तो बाजूला केला. पलीकडे विमल मानकुमरेंचं घर होतं. छताच्या कड्यांना सहा झोळ्या टांगलेल्या, प्रत्येकीत एक पोर, आणि मधोमध भिंतीला टेकून बसलेल्या एका सडसडीत बाईंच्या दोन्ही हातांत नि दोन्ही पायांच्या अंगठ्यांना मिळून सहा दोऱ्या. त्या डोळे मिटून एकेक दोरी ओढत होत्या. कड्या कुरकुरत होत्या. एका झोळीतून लांबलेला सुस्कारा आला.

अनुजा आहे तिथेच फरशीवर बसली. तिला रडू आलं, आणि ते आवाज न करता रडायचं असल्यामुळे नाकातून विचित्र आवाज निघाला.

“कोण गं ही?” विमलबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

“उद्याची नवी पोरगी. आणि तिची आई.”

“रडतीय कोण? पोरगी की आई?”

“आई.”

“पहिल्या दिवशी आयाच रडतात. हिने एक दिवस आधी सुरू केलं.”

मग अनुजाने सगळं सांगितलं. कुजबुजत, सोळा महिन्यांपासूनचं. चाळणी, खोट्या घंटा, ती एक ओळ. विमलबाईंना प्रतिवास्तू म्हणजे काय ते कळलं की नाही कोण जाणे, पण माळ्याचं बरोब्बर कळलं.

“म्हणजे मला तू पातेल्यात धरलंस.”

“हो.”

“लते, ऐकलंस का? आपण पातेली. ते बाहेर मानपत्र लावलंय ना, ते पातेल्यांना दिलंय.” त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि त्या हसू लागल्या. हसण्याने अंगठे हलले, झोळ्या वाकड्यातिकड्या झुलू लागल्या, आणि एक पोर डोळे किलकिले करून बघायला लागलं. लताताई त्याला थोपटता थोपटता स्वतःच हसत होत्या. “आणि आम्हाला वाटलं, आम्हीच एवढ्या धडधाकट, म्हणून आमच्याकडं घंटा वाजत नाही.”

“पण तुम्हाला काही झालं असतं तर?” अनुजाने विचारलं.

“झालं होतं की,” विमलबाई म्हणाल्या. “गेल्या थंडीत चक्कर येऊन पडले. ही आली धावत.”

“कळलं कसं?”

“मी रोज सकाळी उठले की वरवंट्याने भिंत ठोकायची. हिने पलीकडनं ठोकायची. त्या दिवशी ठोकलं नाही मी.” त्यांनी पडद्याकडे मान केली. “ठोकून ठोकून भिंतीला भोक पडलं, ते हे.”

“भोक तुमच्या जावयाने पाडलं. गवंडी लावून,” लताताई म्हणाल्या. “सोसायटीला विचारून पाडलंय हो बाई. वजन न घेणारी भिंत आहे.”

अनुजाने सवयीने वर तुळईकडे बघितलं. खरंच होतं. “हे दार प्रतिवास्तूत घालावं लागेल,” ती म्हणाली.

“घाल की. नाव काय देशील? बघून दे बाई या वेळी.”

तेवढ्यात मदतकक्षाचे दोन जवान दोर आणि कटावणी घेऊन धापा टाकत वर आले. त्यांनाही तोंडावर बोट ठेवूनच आत घेतलं गेलं. आलेच आहात तर हे कपाट जरा सरकवा, पंखा लागत नाही कोपऱ्यातल्या झोळीला, असं विमलबाईंनी सांगितलं, आणि त्यांनी ते पाय न वाजवता सरकवलं. तोवर रेवा आईच्या छातीवरून उतरून रांगत विमलबाईंपर्यंत गेली होती आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्याची एक दोरी ओढून बघत होती. झोळी हलली. रेवाने मागे वळून आईकडे असं पाहिलं, जणू जगातलं सगळं आपणच हलवतो हे तिला आत्ताच समजलं होतं. गेल्या तेरा महिन्यांत पहिल्यांदाच अनुजाने तिला लगेच उचललं नाही.

चार वाजता चहा झाला. लताताईंनी सगळ्यांच्या कपांत ओतून झाल्यावर स्टीलच्या एका पेल्यात चहा घेतला, त्यावर झाकण ठेवलं आणि त्या निघाल्या.

“हा कुणाला?”

“खाली साळूबाईला. जिन्याखाली असते. तिचा लेक इस्त्रीची गाडी लावायचा इथं. तो गेला कामाला बारामतीला, ही राहिली. तिला दिसत नाही फारसं.”

“मी देते जाता जाता,” अनुजा म्हणाली.

जिन्याखाली जुन्या चादरीचा पडदा होता. मघाशी वर धावताना ती त्याला घासूनच गेली होती. आत एक खाट, एक घडा, आणि खाटेवर बसलेली म्हातारी. तिने पायांचा आवाज ऐकून हात पुढे केला.

“आज पाच मिनटं उशीर झाला लते.”

“लताताई नाही आजी, मी अनुजा. वर आले होते.”

“मंजे मघाशी धाड धाड पळत गेली ती तूच. मला वाटलं, आग लागली. मी म्हटलं, आग लागली तर कुणीतरी सांगंल मला.” तिने पेला दोन्ही हातांनी धरला. रेवाने पडद्यातून डोकं घातलं आणि तिला बघून हसली. म्हातारीला ते दिसलं नसावं, पण तीही हसली.

अनुजाने तिथेच उभं राहून फोनवर प्रतिवास्तू उघडली. जिन्याखाली बोट ठेवलं. मोकळी जागा, साडेचार चौरस मीटर. दार नाही, म्हणून टिकली नाही. टिकली नाही, म्हणून घटक नाही.

दुसऱ्या दिवशी रेवाला झोळीत सोडून ती ऑफिसला गेली. चाळणीतली ती ओळ तिने काढली आणि तिच्या जागी तीन नव्या घातल्या, सामानाच्या माळ्याची उंची, क्षेत्रफळ, आणि तो कुठल्या खोलीच्या वर आहे ते बघणाऱ्या. दहाच्या आत तीनशे शहाऐंशी घरांची दारं हिरवी झाली. मग तिने वगळलेल्यांची यादी छापली. एकोणीस पानं आली. वाळिंबेकाकांनी पेन्सिलीला टोक करून ती तिच्यापुढे ठेवली. ती दुपारपर्यंत वाचत होती. यादीत साळूबाई नव्हती. घेतलेल्यांतही नव्हती. जे मुळात नोंदलेलंच नाही ते कुठल्याही चाळणीत वर राहत नाही आणि खालीही पडत नाही. ते शोधायची ओळ तिने चार तऱ्हांनी लिहून पाहिली. चारही वेळा उत्तर एकच आलं. शून्य घटक.

“असं किती जण असतील, काका?”

“तेच तर संगणकाला विचारता येत नाही,” ते म्हणाले.

दर महिन्याच्या अखेरीला तपासनिसाचं पत्र शहरातल्या घरोघरी जाई. तुमच्या इमारतीत इतक्या त्रुटी, इतक्या दुरुस्त. सगळ्यात खाली अभियंत्याच्या शेऱ्यासाठी एक रिकामी चौकट असे आणि तिच्यात कायम ‘शेरा नाही’ असं लिहिलेलं असे. त्या महिन्यात सगळ्या घरांना गेलेल्या पत्रात त्या चौकटीत हे होतं.

“हे पत्र वाचणाऱ्यास. तुमच्या घराचं दार आम्ही रोज बघतो आणि आज ते ठीक आहे. पण तुमच्या इमारतीत जिन्याखाली, पंपाच्या खोलीत, गच्चीवरच्या पत्र्याखाली किंवा गाड्यांच्या मागे कुणी राहतं का, ज्याला दार नाही, नुसता पडदा आहे? त्यांना आम्ही बघू शकत नाही. तुम्ही रोज त्यांच्याजवळून जाता. आज त्यांची हालचाल दिसली का तुम्हाला? आठवत नसेल, तर हे पत्र वाचणं इथेच थांबवून आधी तिथे जाऊन याल का? – अनुजा बर्गे.”